पॉइंट टू टू आणि दुर्बिणीचे माप

महाविद्यालयात एन.सी.सी. केलेल्यांना 'पॉइंट टू टू' हा शब्द ऐकताच पालथे पडून झाडलेली मोजकी काडतुसे आठवतात. इतरांनी तो शब्द ऐकला तो कोल्हापूरमुळे. २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे या दोघांचेही यश याच काडतुसाचे. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि ते वेधताना रायफलीवर दुर्बीण लावण्याची परवानगी नसते. मागे बारीक भोकाची चकती, पुढे वर्तुळाकार माशी, आणि मध्ये नेमबाजाचा डोळा, एवढाच सरंजाम. त्यामुळे .२२ आणि दुर्बीण यांचा संबंध मराठी वाचकाच्या मनात सहसा जुळलेला नसतो.

गेल्या दहा वर्षांत मात्र, विशेषतः अमेरिकेत, याच काडतुसाचा निराळा खेळ रूढ झाला आहे. १००, २००, प्रसंगी ३०० यार्डांवरच्या पोलादी पट्ट्या .२२ रिमफायर रायफलीने वेधायच्या, आणि रायफलीवर दुर्बीण असायचीच. २०१७ साली सुरू झालेल्या एनआरएल२२ सारख्या स्पर्धामालिकांनी हा खेळ गावोगावच्या क्लबांत नेला. तिथे १०० यार्डांच्या आतच नेम धरला जातो, पण तेवढ्याने चटक लागलेले लोक पुढे सरकतातच. या खेळात नवा उतरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: दुर्बीण किती पटींची घ्यावी? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो, आणि तो तिथे का सुरू होतो याचे उत्तर बाजारात सापडत नाही, इतिहासात सापडते.

रिमफायर काडतुसाचा जन्म दिवाणखान्यातला. लुई निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिराने १८४५ च्या सुमारास ठासणीच्या बंदुकीची तांब्याची टोपी घेतली आणि तिच्या तोंडाशी एक शिशाची गोळी बसवली. दारू नाही, टोपीतल्या स्फोटक लेपाचा जोर तेवढाच. घरात बसून पाहुण्यांच्या करमणुकीसाठी निशाण मारण्याचे ते खेळणे होते. १८५७ साली स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने त्यात थोडी दारू भरून आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेच.२२ शॉर्ट. आज आपण ज्याला .२२ लाँग रायफल म्हणतो ते काडतूस १८८७ चे. त्याची गोळी ४० ग्रेन वजनाची. आपला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ही गोळी पाव तोळ्याहूनही हलकी. पितळी नळकांड्याच्या तळाशी दुमडलेला काठ असतो, त्या पोकळ काठात स्फोटक लेप फिरवून बसवतात, आणि घोड्याची टाचणी तो काठ चेचते. काठ चेचला जावा म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पातळ पितळ फार दाब सोसत नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या हेन्री आणि स्पेन्सर रायफलींची मोठी रिमफायर काडतुसे याच कारणाने मागे पडली. छोटे तेवढे टिकले, कारण त्याच्याकडून कुणी फारशी अपेक्षाच केली नाही. वापरलेले नळकांडे पुन्हा भरता येत नाही, हीदेखील त्या दुमडलेल्या काठाचीच देणगी. तिची आठवण पुढे ठेवावी लागेल.

रायफलीवरच्या दुर्बिणीची वंशावळ मात्र अगदी निराळी आहे आणि फ्लोबेरच्या टोपीहून जुनी आहे. जॉन चॅपमन या इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या स्थापत्य अभियंत्याने १८४४ साली अमेरिकन रायफलीवर एक पुस्तक लिहिले. त्यात न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या मॉर्गन जेम्स या बंदूक कारागिराने बनवलेल्या दुर्बिणीचे वर्णन आहे. त्या काळी अमेरिकन नेमबाज ४० रॉड, म्हणजे २२० यार्ड अंतरावर आपली परीक्षा घेत. परीक्षेची पद्धत मोठी बोलकी होती. केंद्रापासून प्रत्येक छिद्रापर्यंतचे अंतर एकाच दोरीने एकापुढे एक मोजत जायचे. शेवटी ज्याची दोरी सर्वांत आखूड तो जिंकला. दोरीचा हिशेब ठेवणाऱ्या या मंडळींना दुर्बीण हवी होती ती याच वृत्तीने. चॅपमन पेशाने अभियंता होता हा योगायोग आम्हाला वाटत नाही. ती दुर्बीण म्हणजे रायफलीच्या नळीएवढीच लांब, बारीक नळी. पुढे आणि मागे दोन आधारांवर टांगलेली. मागच्या आधारातला स्क्रू फिरवला की अख्खी नळी कलायची. १८५५ पासून सिरॅक्यूसच्या विल्यम माल्कमने तीत अवर्णी भिंगे बसवली, त्यामुळे प्रतिमेच्या कडेची रंगीत झालर गेली. पण कलण्याची रीत तीच राहिली. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ रायफलीच्या कुशीला जी दुर्बीण लावली जाई, तिचा कर्ता कर्नल डेव्हिडसन हा मुंबई लष्करातला अधिकारी होता, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या दोन वंशावळी एकत्र आल्या त्या बोअर युद्धानंतर. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश सैन्याची जी दाणादाण उडाली, तिच्यातून कारकून आणि कामगारांनाही रायफल शिकवली पाहिजे असा विचार पुढे आला. कानपूरला जन्मलेले आणि हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते. १९०१ पासून इंग्लंडभर 'मिनिएचर रायफल क्लब' निघू लागले. शहरात मोठ्या रायफलीला जागा नव्हती आणि तिची काडतुसे महाग होती; .२२ तळघरातही चालत होती. १९०९ पासून थॉमस ड्यूअर यांच्या नावाच्या करंडकासाठी देशोदेशीचे संघ ५० आणि १०० यार्डांवर सामने खेळू लागले. दिवाणखान्यातले खेळणे अशा रीतीने शंभर यार्डांवर आले आणि तिथे त्याची पहिली खरी अडचण उघडी पडली. ते फार पडते.

अमेरिकेत स्मॉलबोअर सामन्यांची एक शाखा 'एनी साइट' म्हणजे कोणतेही नेमसाधन चालेल अशी राहिली आणि दुर्बिणीची वाढ तिथे झाली. १९१० च्या सुमाराची विंचेस्टर ए५, पुढे फेकर, आणि १९३४ साली पिट्सबर्गला स्वतःचा कारखाना काढणारा जॉन उनर्टल. या दुर्बिणी आज पाहिल्या तर विचित्र वाटतात. दीड-दोन फूट लांबीची नळी दोन कड्यांत सैल सरकते. बार उडाला की रायफल मागे येते आणि दुर्बीण जागेवर राहू पाहते, म्हणून ती पुढे सरकल्यासारखी दिसते. नेमबाज ती हाताने मागे ओढून पुन्हा बसवतो. मागच्या कडीवर मायक्रोमीटरच्या दोन घुंड्या, एक उभ्या सुधारणेची, एक आडव्या, आणि प्रत्येक टिकेला पाव कला.

इथे 'कला' या शब्दाविषयी थोडे. इंग्रजीत ज्याला कोनाचे मिनिट म्हणतात त्याला पंचांगवाले आणि ज्योतिर्गणिती कला म्हणत आले आहेत: अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटीमीटर. नेमबाजीच्या मराठीत हा शब्द का आला नाही याचे आम्हाला नवल वाटते. आम्ही तो वापरणार आहोत.

उनर्टलची दुर्बीण म्हणजे भिंगे बसवलेले मोजयंत्र होते. ५० यार्डांवरून १०० वर जाताना नेमबाज ठरावीक कला चढवायचा, आकडा वहीत असायचा, परत येताना तेवढ्याच उतरवायचा. या यंत्राचा अचूकपणा इतका होता की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन कोअरने उनर्टलची आठ पटींची दुर्बीण आपल्या रायफलींवर चढवली. स्पर्धेसाठी बनलेले यंत्र लष्कराने उसने घेतले, हा क्रम नेहमीच्या समजुतीच्या उलटा आहे.

मग .२२ च्या दुर्बिणीची अशी अधोगती का झाली? त्याचे श्रेय, किंवा दोष, आम्ही १९३० या सालाला देतो. त्या वर्षी विल्यम वीव्हर या तरुणाने आपली पहिली दुर्बीण विकायला काढली. पाऊण इंची नळी, तीन पटींहून थोडे कमी वर्धन, आणि माउंटसह किंमत १९ डॉलर. महामंदीच्या दिवसांत सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी ही दुर्बीण होती. वीव्हरने सुधारणेची यंत्रणा बाहेरच्या कड्यांतून काढून नळीच्या पोटात घातली. हे मोठेच पाऊल होते. आजची जवळजवळ प्रत्येक दुर्बीण त्याच वाटेने आलेली आहे. पण पोटात गेलेली घुंडी लवकरच टोपणाखाली गेली. शिकारी एकदा नेम जुळवायचा, टोपण लावायचा आणि विसरायचा. दुर्बीण मोजयंत्र होती ती पाहण्याचे साधन झाली, आणि पाहण्याच्या साधनाची प्रत माणूस पटींवरून ठरवतो. पुढे कित्येक दशके 'रिमफायर स्कोप' या शब्दाचा अर्थ बारीक नळीची, चार पटींची, स्वस्त दुर्बीण असा झाला. काडतूस छोटे, धक्का नाही, अंतर थोडे; मग भिंगावर खर्च कशाला, असा हिशेब. खार आणि ससा टिपणाऱ्यासाठी तो बरोबरच होता. दूरच्या नेमासाठी तो नेमका उलटा आहे.

उलटा कसा, ते आकड्यांनीच दाखवता येते. स्पर्धेच्या प्रतीचे .२२ काडतूस गोळीला सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेग देते, म्हणजे आवाजाच्या वेगाहून किंचित कमी. रायफल ५० यार्डांवर जुळवली तर १०० यार्डांवर गोळी सोळा-सतरा सेंटीमीटर खाली लागते. २०० यार्डांवर हीच घसरण सव्वा मीटरच्या आसपास जाते. ३०० यार्डांवर साडेतीन ते चार मीटर. कोनात मांडले तर ३०० यार्डांसाठी ४५ ते ५० कला चढवाव्या लागतात. तुलनेसाठी, .३०८ या मोठ्या रायफलीला हजार यार्डांवर पोचायला साधारण ४० कला पुरतात. छोट्या काडतुसाला छोटी दुर्बीण पुरेल ही समजूत या एका तुलनेने कोसळते.

आता साधी शिकारी दुर्बीण घ्या. तिच्या पोटातली यंत्रणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समजा ६० कला फिरते. रायफलीवर सरळ बसवली की जुळवलेला नेम साधारण मधोमध येतो. वर चढायला उरल्या ३० कला, आणि ३०० यार्डांना हव्यात ४५ हून जास्त. पटी चार असोत की चोवीस, त्याने काही फरक पडत नाही. गोळी लक्ष्यापाशी पोचायच्या आधीच घुंडी संपते. यावर उपाय चॅपमनच्या काळचाच: अख्खी दुर्बीण कलवायची. आज त्यासाठी २० किंवा ३० कलांचा उतार घडवूनच दिलेली बैठक मिळते. ती रायफलीवर बसवली की दुर्बिणीचे तोंड किंचित खाली होते आणि खालच्या बाजूला वाया जाणाऱ्या कला वर वापरता येतात. दुसरा उपाय जाड नळीचा. पाऊण इंचापासून एक इंच, मग ३० आणि ३४ मिलिमीटर असा नळीचा जो प्रवास झाला, त्याचा मोठा फायदा आतल्या यंत्रणेला फिरायला मिळणारी जागा हा आहे. जाड नळी जास्त उजेड देते असे दुकानांत ऐकू येते. उजेड ठरतो तो पुढच्या भिंगाच्या रुंदीने आणि भिंगांवरच्या लेपांनी. आणि दुपारच्या उन्हात पोलादी पट्टी पाहायला उजेड लागतो तरी किती?

दुसरी अडचण पराशयाची, म्हणजे पॅरॅलॅक्सची. लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली दुर्बिणीत एकाच प्रतलात नसतील, तर डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. आगगाडीतून पाहताना जवळचा खांब दूरच्या डोंगरावरून सरकतो, तसेच. स्थिर रचनेच्या दुर्बिणीत हा दोष एका ठरावीक अंतरावरच शून्य असतो. मोठ्या रायफलींसाठी ते अंतर १०० यार्ड किंवा अधिक, रिमफायरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींत ५०-६० यार्ड. दूरच्या .२२ ला यांपैकी कोणतीच सोय पुरत नाही, कारण एकाच सामन्यात २५ यार्डही असतात आणि २०० ही. म्हणून बाजूच्या घुंडीने किंवा पुढच्या कड्याने हे अंतर बदलता येणे, आणि ते २५ यार्डांपर्यंत खाली येणे, ही आम्ही अट मानतो. विकत घेताना ही खालची मर्यादा पाहण्याचे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

पटींचा विचार आता, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर करावा. सहा ते अठरा, फार तर चोवीस. त्यापुढे उन्हाळ्यात जमिनीवरून उठणारी झळच मोठी दिसते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न फुली कुठे बसवली आहे हा. ती पुढच्या प्रतिमाप्रतलात असेल तर पटी वाढवल्या की फुलीवरच्या खुणाही त्याच प्रमाणात मोठ्या दिसतात आणि दोन खुणांमधले माप कायम राहते; मागच्या प्रतलात असेल तर ते माप एकाच पटीवर खरे असते. घड्याळ लावून अंतरे बदलणाऱ्या सामन्यात पुढच्या प्रतलाची फुली बरी. एकाच अंतरावर कागद भोसकणाऱ्याला मागच्या प्रतलाची बारीक रेघ आवडेल, आणि त्यात काही गैर नाही. घुंडीच्या टिका आणि फुलीच्या खुणा मात्र एकाच परिमाणात हव्यात. घुंडी कलांची आणि फुली मिलरेडियनची अशा दुर्बिणी एकेकाळी सर्रास विकल्या जात. माप मणात आणि भाव किलोत, असाच तो कारभार.

बाकीचा सरंजाम थोडक्यात. पुढे दुपायी टेकू, मागे वाळूची पिशवी, आणि दुर्बिणीवर पाणसळ. शेवटची वस्तू हौशी वाटते, पण ४५ कला चढवलेली रायफल एका अंशाने जरी कलली तरी गोळी पाऊण कलेहून जास्त बाजूला जाते. ३०० यार्डांवर सुमारे सहा सेंटीमीटर. दुर्बिणीच्या कड्यांवर पैसे वाचवू नयेत, कारण सैल कडी आणि बिघडलेली घुंडी यांची लक्षणे सारखीच दिसतात आणि दोष शोधण्यात महिने जातात.

काडतुसांचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथे तो दुमडलेला काठ परत येतो. मोठ्या रायफलीचा नेमबाज स्वतः दारू तोलून काडतुसे भरतो; .२२ वाल्याला कारखान्याने जे दिले ते घ्यावे लागते. वेगात सेकंदाला नऊ-दहा मीटरचा फरक असलेल्या दोन गोळ्या ५० यार्डांवर एकाच छिद्रातून जातील, पण २०० यार्डांवर आठ-दहा सेंटीमीटर वरखाली लागतील. म्हणून या खेळात वेगमापक यंत्र जवळजवळ अनिवार्य, आणि म्हणूनच एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांची काडतुसे लॉट क्रमांक पाहून आपल्या रायफलीतून तपासून घेण्याची प्रथा. वाऱ्याची गंमत तर आणखीच. जास्त वेगाची गोळी वाऱ्याने कमी ढकलली जाईल असे कुणालाही वाटेल; .२२ मध्ये उलटे होते. आवाजाच्या वेगापाशी हवेचा विरोध एकदम वाढतो, त्यामुळे 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसाची गोळी सुरुवातीलाच पुष्कळ वेग गमावते आणि आडव्या वाऱ्यात संथ गोळीपेक्षा जास्त वाहवत जाते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा संथ गोळीलाही १०० यार्डांवर सुमारे दहा सेंटीमीटर ढकलतो. हे मोजून देणारी घुंडी कोणत्याही दुर्बिणीवर नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम आम्ही असा लावू: आधी काडतुसे, मग खरी घुंडी असलेली दुर्बीण आणि तिची उताराची बैठक, मग पाणसळ आणि पिशवी, नवी नळी किंवा नवा दस्ता सर्वांत शेवटी. एनआरएल२२ मध्ये रायफल आणि दुर्बीण यांच्या एकत्रित किमतीवर मर्यादा घातलेला एक गट ठेवला आहे, आणि हा क्रम समजायला तो गट उत्तम आहे. आपल्याकडे .२२ रायफलीलाही परवाना लागतो आणि हा खेळ मुख्यतः ५० मीटरच्या रेंजपुरताच राहिला आहे. पण घुंडी खरी की खोटी हे पाहायला ३०० यार्डांचे मैदान लागतही नाही.

१०० मीटरवर एक उंच फळी उभी करावी. तिच्यावर ओळंब्याने एक उभी रेघ मारावी, गवंडी मारतो तशी. रेघेच्या तळाशी नेमाचा ठिपका काढावा, त्याच्यापासून वर ८७ सेंटीमीटरवर आडवी खूण करावी. रायफल १०० मीटरवर जुळवून घ्यावी, ३० कला चढवाव्यात आणि नेम तळाच्या ठिपक्यावरच धरून पाच गोळ्या झाडाव्यात. पाचांचा मध्य रेघेवर आणि आडव्या खुणेवर यायला हवा. तो ८४ वर आला तर घुंडी शंभरात तीन-चार कला खाते आहे. ३०० यार्डांवर त्याचे पंधरा सेंटीमीटर होतात. खाण्याचे प्रमाण प्रत्येक वेळी तेच असेल तर वहीत लिहून ठेवावे, तेवढे पुरते. रेघ सोडून गोळ्या बाजूला गेल्या तर कड्या सैल करून दुर्बीण ओळंब्याशी पुन्हा जुळवावी. आणि घुंडी उतरवून परत आल्यावर सहावी गोळी मूळ ठिपक्यावर लागली नाही, तर ती दुर्बीण दुकानदाराला परत करावी, मग ती कितीही पटींची असो.